परराज्यातला विक्रेता आणि अमेरिकेचा विक्रीकर

अमेरिकेत विक्रीकर केंद्र सरकार नव्हे, तर राज्ये आकारतात. दुकानदार तो गिऱ्हाइकाकडून घेऊन सरकारजमा करतो. पण दुकानदार परराज्यातला असेल तर? १९६७च्या नॅशनल बेलास हेस खटल्यात आणि पुन्हा १९९२च्या क्विल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले, की राज्यात दुकान, गोदाम किंवा माणूस नसलेल्या विक्रेत्यावर वसुलीची सक्ती करता येणार नाही. हे दोन्ही निकाल टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांबाबतचे होते. फायदा मात्र पुढे ऑनलाइन व्यापाराला झाला. कर भरण्याची जबाबदारी कागदोपत्री ग्राहकावर होती, ती फारसे कोणी पाळत नसे. गावातल्या दुकानदारावर हा उघड अन्याय होता.

प्राप्तिकर नसलेल्या, विक्रीकरावर विसंबलेल्या साउथ डकोटाने अखेर कायदा केला: वर्षाला एक लाख डॉलरहून अधिक विक्री किंवा २०० व्यवहार करणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्यानेही कर गोळा करावा. २१ जून २०१८ रोजी याच कायद्यावरून उभ्या राहिलेल्या वेफेअर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी जुने निकाल रद्द केले. तरीही असंख्य लहान विक्रेत्यांच्या मागे धावणे राज्यांना परवडणारे नव्हते. म्हणून वसुली ॲमेझॉन, ईबे, एट्सी यांसारख्या ऑनलाइन बाजारपेठांवरच सोपवणारे कायदे झाले. राज्यस्तरीय विक्रीकर असलेल्या राज्यांत मिसूरी शेवटचे. तेथे हा नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाला.