वाचलेल्या विजेला मालक कोण?

१९९७ सालची गोष्ट आहे. महाराष्ट्रापासून बऱ्याच दूरच्या एका राज्यात माझी नेमणूक होती. एके दुपारी टेबलावर एक पातळशी नस्ती आली. काही शे शेतीपंपांचे सदोष फुटव्हॉल्व्ह आणि अरुंद पाईप बदलून द्यावेत, म्हणजे तेवढेच पाणी उपसण्यास बरीच कमी वीज लागेल, असा तो प्रस्ताव होता. मागितलेली रक्कम किरकोळ होती. अर्थशास्त्राची एम. ए. पदवी गाठीशी असलेल्या मी त्यावर शेरा लिहिला : "ही दुरुस्ती खरोखरच किफायतशीर असती तर शेतकऱ्यांनी ती स्वतः होऊन केली असती. सबब शासकीय खर्चाचे समर्थन होत नाही." नस्ती परत गेली, ती पुन्हा आली नाही.

तो शेरा पाठ्यपुस्तकाप्रमाणे निर्दोष होता आणि तरीही चुकीचा होता. तो का चुकला हे उमगण्यास मला पुढे बरीच वर्षे लागली. त्यासाठी आपल्या देशातील विजेचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहावा लागतो.

भारतात वीज आली ती विकेंद्रित स्वरूपातच, हे आज आपण विसरून गेलो आहोत. १० नोव्हेंबर १८९७ रोजी दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे देशातील पहिले जलविद्युत केंद्र सुरू झाले. क्षमता अवघी १३० किलोवॅट. ते दार्जिलिंगच्या नगरपालिकेचे होते आणि त्याची वीज त्याच गावाच्या दिव्यांसाठी होती. पुढे १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारच्या सोन्याच्या खाणींना आणि १९१५ मध्ये खोपोलीहून मुंबईला वीज जाऊ लागली. लांब पल्ल्याच्या तारांचे युग येथून सुरू झाले. तरीही स्वातंत्र्याच्या वेळी देशाची एकूण स्थापित क्षमता १,३६२ मेगावॅट इतकीच होती आणि तीही बहुतांशी शहरांपुरती मर्यादित होती.

या स्थितीतून केंद्रीकरणाचा विचार पुढे आला, त्यामागे उदात्त हेतू होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात श्रमखात्याबरोबर वीज हा विषयही डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होता. औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त व मुबलक विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही, हे सूत्र त्यांनी मांडले. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले, ते त्यांच्याच कार्यकाळात. १९४८ च्या विद्युत पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा पाया घातला. खाजगी कंपन्या फायद्याच्या शहरांपलीकडे जाण्यास तयार नसताना दुसरा मार्ग कोणता होता, असे विचारले तर आजही उत्तर देणे कठीण जाईल. भाक्रा, कोयना आणि त्यानंतरची औष्णिक केंद्रे याच विचाराची फळे आहेत.

मात्र या व्यवस्थेबरोबर एक मोजपट्टी आली आणि ती प्रशासनाच्या अंगवळणी पडली. प्रगती म्हणजे मेगावॅट, उपलब्धी म्हणजे उद्‍घाटन. वाचवलेल्या मेगावॅटची कोनशिला कोणी बसवत नाही. मोजपट्टीचे आणखी एक उदाहरण सांगतो. ऑक्टोबर १९९७ पर्यंत एखाद्या गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असली, की ते गाव 'विद्युतीकृत' ठरत असे. शिवारातला एक पंप चालला की कागदोपत्री गाव उजळले, मग वस्तीत दिवा असो वा नसो. त्या वर्षी वस्तीतील वापर आवश्यक ठरला आणि २००४ मध्ये किमान १० टक्के घरांत वीज असावी अशी अट आली. २००१ च्या जनगणनेत ग्रामीण भागातील केवळ ४३.५ टक्के घरांत उजेडासाठी वीज होती. गावांच्या आकड्यांत आणि घरांच्या आकड्यांत एवढी दरी राहिली, ती व्याख्येच्या आडोशाने.

या चौकटीबाहेर विचार करणाऱ्यांत अमूल्य रेड्डी यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल. मूळचे विद्युत-रसायनशास्त्रज्ञ असलेल्या रेड्डी यांनी १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 'अस्त्र' हा ग्रामीण तंत्रज्ञानाचा विभाग सुरू करण्यात पुढाकार घेतला. तुमकूर जिल्ह्यातील पुरा या लहानशा गावी त्यांच्या चमूने सामुदायिक गोबरगॅस संयंत्र उभारले. आरंभी हा गॅस स्वयंपाकासाठी द्यावा असा बेत होता. परंतु गावातील सर्व चुली पेटतील एवढे शेण जमेना आणि प्रयोग फसला. तेव्हा गावाला खरोखर काय हवे आहे याचा शोध घेतला गेला. लोकांना हवे होते पिण्याचे पाणी आणि उजेड. १९८७ पासून त्याच गॅसवर आणि थोड्या डिझेलवर इंजिन चालवून कूपनलिकेचे पाणी उपसले जाऊ लागले आणि घरात नळीदिवे लागले. शेण आणून देणाऱ्यास थोडा मोबदला मिळे आणि उरलेली मळी खत म्हणून परत मिळे. ही व्यवस्था दीर्घकाळ चालली. तंत्र तेच होते. ज्याच्याकडून काही घ्यायचे त्याच्या पदरात काही पडेल अशी मांडणी झाल्यावर ते रुजले, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच रेड्डींनी १९९१ मध्ये ऊर्जा-कार्यक्षमतेच्या मार्गातील अडथळ्यांची एक वर्गवारी प्रसिद्ध केली. ग्राहकापासून थेट सरकारे आणि आंतरराष्ट्रीय संस्थांपर्यंत प्रत्येक पायरीवर कोण का अडतो, याचा तो पट आहे. ग्राहकांतही त्यांनी भेद केला. काहींना माहिती नसते, काहींपाशी आरंभीचा खर्च करण्याइतके पैसे नसतात, काहींच्या लेखी ती बचत क्षुल्लक असते, काहींना व्यवस्था कशी लावावी हे कळत नाही, काहींना उद्याच्या दरांची शाश्वती नसते, तर काहींच्या माथी दुसऱ्याने खरेदी केलेले उपकरण वारसाहक्काने आलेले असते. माझ्या शेऱ्याला या यादीत एकच माणूस दिसत होता : सर्व काही जाणणारा, सधन आणि स्वतंत्र ग्राहक. तो तर यादीत नव्हताच!

शेवटच्या वर्गाचा अनुभव, वाचकहो, आपल्यापैकी नोकरीनिमित्त परमुलखात राहणाऱ्या बहुतेकांना असेल. मी आयुष्यभर सरकारी निवासस्थानांत राहिलो. छताला लटकणारे जुने पंखे खात्याने बसवलेले असतात, विजेचे देयक मात्र मी भरतो. ७५ वॅटचा पंखा काढून ३० वॅटचा बसवला तर लाभ माझा, परंतु तीन वर्षांत बदली होणार. खात्याने बसवावा तर खर्च खात्याचा आणि लाभ रहिवाशाचा. अशा स्थितीत दोघेही शहाणपणानेच वागतात आणि जुना पंखा फिरत राहतो. भाड्याच्या घरातही हेच घडते.

आता पुन्हा त्या पंपांकडे वळू. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून अनेक राज्यांनी शेतीपंपांचे मीटर काढून अश्वशक्तीनुसार ठोक आकारणी सुरू केली आणि पुढे काहींनी शेतीची वीज मोफत केली. असंख्य विखुरलेल्या मीटरांचे वाचन खर्चिक होते, हे कारण खोटे नव्हते. परंतु त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने अधिकच्या एका युनिटची किंमत शून्य झाली. वर वीज यायची तीही अवेळी आणि कमी दाबाने, म्हणून तो मोटार निवडताना ती जळणार नाही एवढेच पाहू लागला. फुटव्हॉल्व्ह बदलण्याचा खर्च त्याचा आणि वाचणारी वीज मंडळाची, मग त्याने ते स्वतः होऊन का करावे? माझ्या शेऱ्याचे उत्तर त्या ठोक आकारणीत होते आणि मी ते पाहिलेच नाही.

मीटर गेल्याने आणखी एक गोष्ट झाली : शेतीची वीज हा केवळ अंदाजाचा विषय झाला आणि त्या अंदाजात चोरी व गळती सहज मिसळली. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेचे गिरीश संत आणि शंतनू दीक्षित यांनी नव्वदच्या दशकात या अंदाजांची चिकित्सा केली. पुढे महाराष्ट्र वीज नियामक आयोगासमोरील जाहीर सुनावण्यांतून वीज मंडळाची १८ टक्क्यांच्या आसपास सांगितली जाणारी गळती प्रत्यक्षात ३० टक्क्यांहून अधिक असल्याचे उघड झाले. तोवर उरलेला बोजा बळीराजाच्या नावे मांडला जात होता. जे मोजले जात नाही त्याची बचतही कोणी करू शकत नाही.

अडथळे दूर होऊच शकत नाहीत असे मात्र नव्हे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ मध्ये झाला, १ मार्च २००२ रोजी ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला आणि २००६ पासून उपकरणांवर तारांकित पट्ट्या आल्या. माहितीचा अडथळा त्यांनी बराच कमी केला. पैशांचा अडथळा दूर केला तो एलईडी दिव्यांच्या योजनेने. २००९ मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक क्षेत्रातील ईईएसएल या कंपनीने दिव्यांची घाऊक खरेदी सुरू केली. २०१४ च्या आरंभी या खरेदीत एका दिव्यास सुमारे ३१० रुपये पडत होते, ते २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आले. पुदुच्चेरीत ग्राहकाने आरंभी १० रुपये द्यावेत आणि बाकीची रक्कम वीज कंपनीने आपल्या बचतीतून फेडावी अशी रचना होती, तर अन्यत्र देयकातून हप्ते घेतले गेले. जानेवारी २०१५ मध्ये ही योजना देशभर नेली गेली आणि ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. केंद्राच्या तिजोरीतून दिव्यावर थेट अनुदान नव्हते. आरंभीचा खर्च बचतीतूनच फेडण्याची सोय लावली, एवढेच.

मग हीच रीत पंपांना का लागू पडली नाही? प्रयत्न झाले, परंतु ते फार दूर जाऊ शकले नाहीत. घरच्या ग्राहकाला देयक येते, म्हणून बचत त्याच्या हाती लागते. मोफत विजेच्या शेतकऱ्याला देयकच नाही. बचत होते ती वीज कंपनीची आणि तिची तिजोरी आधीच रिती.

विकेंद्रित निर्मितीची कथाही याहून निराळी नाही. सुंदरबनातील सागर बेटावर नव्वदच्या दशकात पश्चिम बंगालच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने लहान सौर केंद्रे उभारली. २००३ च्या विद्युत कायद्याने अधिसूचित ग्रामीण भागात परवान्याविना निर्मिती आणि वितरणाची मुभा दिली. दार उघडले, तरी उद्या मोठी तार गावात आली तर आपल्या गुंतवणुकीचे काय, हा प्रश्न अनुत्तरित होता. २०१६ मध्ये उत्तर प्रदेशाने आपल्या धोरणात त्याचे उत्तर दिले : तार आल्यास लहान प्रकल्पाने तिला जोडून घ्यावे किंवा ठरलेल्या रीतीने प्रकल्प वीज कंपनीकडे सोपवावा. म्हणजे परवानगी दिल्यानंतर तेरा वर्षांनी एका राज्याने जोखमीचा विचार केला.

आज शेतीसाठी सौर ऊर्जेकडे आशेने पाहिले जाते. महाराष्ट्राने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि केंद्राने २०१९ मध्ये पीएम-कुसुम. रात्री सापाकिरड्याच्या भयात पाणी द्यावे लागणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणे ही साधी गोष्ट नाही, आणि वीज कंपनीलाही ती स्वस्त पडते. दोघांचा लाभ एकाच मांडणीत बसल्याने ती चालण्याची शक्यता बरी आहे. तरीही वाचलेल्या पाण्याला मालक कोण, हा प्रश्न तसाच आहे. उन्हाचे देयक येत नाही आणि भूजल मोजणारे मीटर विहिरीवर नाही.

आता एखादी लहान नस्ती समोर आली, की मी किफायतशीरपणाच्या तक्त्याआधी तीन गोष्टी पाहतो : आरंभी पैसे कोण घालणार, बचत कोणाच्या पदरात पडणार, आणि ते दोघे एक नसतील तर त्यांना जोडणारी तरतूद प्रस्तावात आहे का. नसेल तर नस्ती परत न पाठवता ती तरतूद लिहिण्यास मदत करतो. १९९७ च्या त्या दुपारी हे सुचले असते तर काही शे विहिरींवर थोडी वीज वाचली असती. ती कोणाच्याही आकडेवारीत दिसली नसती, हे खरे. असो.

(मते सर्वस्वी वैयक्तिक.)