ज्यूली मेलेली नाही

१७६१ म्हटले की मराठी वाचकाला पानिपत आठवते. त्याच जानेवारीच्या अखेरीस, पानिपताला पुरते तीन आठवडेही झाले नव्हते तेव्हा, पॅरिसच्या दुकानांत ‘ज्यूली’ ही सहा भागांची पत्ररूप कादंबरी विक्रीला आली. छापली होती आम्स्टरडॅमच्या मार्क-मिशेल रे याने. शीर्षकपानावर मजकूर असा, की आल्प्सच्या पायथ्याच्या एका लहान गावात राहणाऱ्या दोन प्रेमिकांची ही पत्रे आहेत. गोळा करून प्रसिद्ध करणारे जे. जे. रूसो. ‘लेखक’ हा शब्द नाही. पुढे कित्येक वर्षे वाचकांनी या पुस्तकातल्या पात्रांशी जो काही व्यवहार केला, त्याचे मूळ मला या गाळलेल्या शब्दात दिसते.

पात्रे माहीत नसली तर वाचकांची पत्रे कळणार नाहीत, म्हणून कथा थोडक्यात. जिनिव्हा सरोवराच्या काठी वेवे गाव. तिथल्या बॅरनची मुलगी ज्यूली आणि तिचा तरुण शिक्षक. शिक्षकाचे खरे नाव पुस्तकात कुठेच नाही. सें-प्रो हे घेतलेले नाव. क्लारांच्या उपवनात पहिले चुंबन होते, मग बापाचा नकार येतो, कारण मुलगा खानदानी नाही. सें-प्रो भटकत राहतो. आधी वालेच्या डोंगरात, मग पॅरिसला, शेवटी इंग्रज आरमाराच्या ॲन्सनबरोबर थेट पृथ्वीप्रदक्षिणेला. परततो तेव्हा ज्यूली पन्नाशीला टेकलेल्या वोल्मारची बायको आणि मुलांची आई झालेली असते. आणि हा वोल्मार त्याला आपल्याच घरी राहायला बोलावतो! एकदा सरोवरात वादळ उठते आणि ज्यूली व सें-प्रो यांची नाव पलीकडच्या मेयरीच्या कड्याशी लागते. जुने सगळे वर येते, आणि दोघे तसेच घरी परततात. शेवटी पाण्यात पडलेल्या मुलाला वाचवताना ज्यूली आजारी पडते आणि जाते. मागे उरते ती तिची जिवलग क्लेर.

या पुस्तकाच्या अठराव्या शतकातच सुमारे ७० आवृत्त्या निघाल्या. इतके खपलेले पुस्तक म्हटले की त्याभोवती बखरी जमतातच. इतिहासकार राजवाड्यांनी बखरीपेक्षा अस्सल पत्राला का मान दिला, ते इथेही समजते.

सर्वांत लाडकी बखर आहे एका राजघराण्यातल्या बाईची. कार्निव्हलचे दिवस. बाई ऑपेराच्या नाचाला जायला नटून तयार आहे. वेळ जावा म्हणून पुस्तक उघडते. मध्यरात्री घोडे जुंपायला सांगते आणि वाचत राहते. नोकर आठवण करतात, ती वाचतच राहते. पहाटे चार वाजता घोडे सोडायला सांगते, कपडे बदलते आणि अंथरुणात पडून उरलेली रात्र वाचते. ही हकीकत रूसोच्या आत्मचरित्रात, ‘कन्फेशन्स’मध्ये आहे, आणि बाईचे नावही दिले आहे: प्रिन्सेस द ताल्माँ. शंभर ठिकाणी ती तशीच उतरवून घेतलेली सापडते. पण त्याच जागी रूसोने खाली एक टीप जोडली आहे, की ही ती बाई नव्हे, दुसरीच कोणी, तिचे नाव मला ठाऊक नाही. मजकुरात तो ‘मला सांगण्यात आले’ असेच म्हणतो. म्हणजे नाव कच्चे आणि गोष्ट ऐकीव. आपल्याकडे खुद्द बखरकाराने स्वतःच्याच बखरीखाली अशी टीप जोडली असती तर किती वाद वाचले असते.

दुसरी हकीकत मात्र पक्की ठरते. रूसो म्हणतो, मादाम द पोलिन्याक यांना मी स्वतःचीच प्रेमकथा लिहिली असे वाटले, आणि मादाम द वेर्दलां यांच्यामार्फत त्यांनी माझ्याकडे ज्यूलीची तसबीर पाहायला मागितली. हेही फुगवून सांगितलेले वाटते. पण पोलिन्याकबाईंचे फेब्रुवारी १७६१ चे मूळ पत्र टिकले आहे, आणि त्यात तसबिरीची मागणी स्पष्ट आहे. तत्त्वज्ञ रूसोला भेटायची या बाईंना कधी इच्छा झाली नव्हती. ज्यूलीच्या प्रियकराला भेटायला मात्र त्या त्याच्या गावी, मोंमोरांसीला, गाडी काढायच्या बेतात होत्या. ज्यूलीच्या मृत्यूपाशी आल्यावर त्यांचे रडणेच थांबले, छातीत कळ आली. मरणारी बाई परकी राहिली नाही, आपण तिची बहीण आहोत, तिची क्लेर आहोत असे वाटले, आणि पुस्तक बाजूला ठेवावे लागले. आत्मचरित्र आणि पत्र इथे एकमेकांना साक्ष देतात. एवढी जुळणी इतिहासात रोज मिळत नाही.

अशी पत्रे पुष्कळ आहेत. राल्फ ली या अभ्यासकाने रूसोचा सारा पत्रव्यवहार बावन्न खंडांत छापला, त्यात ती मिळतात. आणि रॉबर्ट डार्नटनने १९८४ मध्ये या वाचकांवर लिहिलेल्या निबंधामुळे ती इतिहासकारांच्या बोलण्यात आली. एका लष्करी माणसाने कळवले, की आपण खूप रडलो आणि तीन दिवस वोल्मारचे शेवटचे पत्र उघडायचा धीर झाला नाही. बॅरन द ला सारा यांचा सल्ला असा, की हे पुस्तक दार लावूनच वाचावे. नोकरांसमोर मनसोक्त रडता येत नाही. रूसोचा म्हातारा स्नेही दानिएल रोगां याने तर इतके हुंदके दिले, की त्याची जबर सर्दी बरी झाली. सर्दीची नोंद मला या सगळ्यांत अधिक विश्वासार्ह वाटते, कारण शोभेसाठी असे कोणी लिहीत नाही. पुढच्याच वर्षी, जून १७६२ मध्ये, ‘एमिल’ या त्याच्या पुस्तकामुळे अटकेचा हुकूम निघून रूसो फ्रान्समधून पळाला, तेव्हा इव्हेर्दोंला त्याला पहिला आसरा दिला तो याच रोगांने.

आणखी एक पत्र आहे जानेवारी १७६२ चे, द्यू व्हेर्जे नावाच्या बाईचे. ती विचारते: लोक म्हणतात हे सगळे रचलेले आहे, मला ते पटत नाही. ज्यूली खरंच होती का? सें-प्रो अजून जिवंत आहे का, कोणत्या देशात आहे? क्लेर मैत्रिणीपाठोपाठ गेली का? ती एकामागून एक सर्व पात्रांची अशी विचारपूस करते, दूरच्या गावी दिलेल्या नातेवाइकांची करावी तशी.

इथे जरा थांबायला हवे. ही पत्रे टिकली कशी? रूसोने ती ठेवून दिली म्हणून. ‘कन्फेशन्स’मध्ये तो सांगतो, की या पुस्तकावर आलेली पत्रे मी जपली आहेत, ती कधी छापली गेली तर लोकांची मते किती उलटसुलट असतात ते दिसेल. म्हणजे जपणारा तोच, निवडणाराही तोच. शिवाय ज्याला पुस्तक आवडले नाही तो लेखकाला चार पाने कशाला लिहील? न आवडलेल्यांनी वेगळ्या वाटा धरल्या. व्हॉल्तेरने याच १७६१ मध्ये पुस्तकाची खिल्ली उडवणारी पत्रे छापली, आणि तीही मार्की द झिमेनेसच्या नावाने. तेव्हा ‘सारा युरोप रडला’ हे वाक्य आपण लिहू नये. ज्यांनी लिहिले त्यांतले अनेकजण रडले, एवढेच या कागदांवरून म्हणता येते.

पण मला ज्याची जास्त चर्चा करायची आहे तो शब्द ‘रडले’ नव्हे, ‘फसले’ हा आहे. बिचारे भोळे वाचक, गोष्ट खरी समजले, असे या पत्रांबद्दल सरसकट म्हटले जाते. मग रूसोची प्रस्तावना वाचावी. तो म्हणतो, या प्रेमिकांच्या मुलखात मी अनेकदा गेलो, पण तिथे बॅरनचे, त्याच्या मुलीचे नाव कोणी घेतलेले मी ऐकले नाही. आणि पुस्तकातला भूगोल बऱ्याच ठिकाणी साफ चुकलेला आहे, एक तर वाचकाला चकवायला, नाहीतर लिहिणाऱ्यालाच तो ठाऊक नव्हता म्हणून. पत्रे खरी की खोटी याचे उत्तर तो देत नाही. मागून छापलेल्या दुसऱ्या प्रस्तावनेत तर हा प्रश्न पानेच्या पाने खेळवत ठेवतो. दार लोटलेले होते, कडी घातलेली नव्हती. आत शिरणाऱ्यांना ते कळत होते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

प्रवाशांचे पाहा. ‘कन्फेशन्स’चा पहिला भाग १७८२ मध्ये आला. त्यात रूसो वाचकाला सांगतो, की वेवेला जा, सरोवरात नाव घाला, हा प्रदेश निसर्गाने एखाद्या ज्यूलीसाठी, क्लेरसाठी, सें-प्रोसाठीच घडवला की नाही ते बघा. पण त्यांना तिथे शोधू नका. लोक गेले आणि नेमके त्यांना शोधू लागले. १७८९ मध्ये रशियाचा तरुण निकोलाय कारामझिन पुस्तक हातात घेऊन या किनाऱ्यावर फिरला. तीनच वर्षांनी त्याने ‘गरीब लिझा’ ही कथा लिहिली, आणि लिझाने जीव दिलेले तळे पाहायला मॉस्कोकर सिमोनोव्ह मठाकडे लोटू लागले, तिथल्या झाडांवर मजकूर कोरू लागले. क्लारांची लागण तिकडेही झाली.

जून १८१६ मध्ये इंग्रज कवी बायरन आणि शेली नावेतून सरोवराची फेरी करायला निघाले. शेली वाटेत ‘ज्यूली’च वाचत होता. मेयरीहून पुढे जाताना वादळाने गाठले, नाव बुडायची वेळ आली. बायरन पट्टीचा पोहणारा, शेलीला पोहता येत नव्हते. सें-प्रोची नाव जिथे वादळात सापडली तोच हा टापू, याची नोंद बायरनने आपल्या कवितेच्या टिपेत आवर्जून केली आहे. क्लारांला गावकरी त्यांना ‘ज्यूलीचे उपवन’ दाखवत होते, पण झाडे नव्हती. जमीन सेंट बर्नार्डच्या मठाची. मठवासीयांनी द्राक्षमळ्यासाठी झाडे तोडली म्हणून बायरन त्यांच्यावर चिडतो. मेयरीचे कडे नेपोलियनच्या रस्त्याने फोडले होते. लोझानला इतिहासकार गिबनच्या बागेतली अकेशियाची पाने बायरनने आठवण म्हणून खुडली. शेलीने खुडली नाहीत, रूसोचा मान राहिला पाहिजे म्हणून. या दोघांना कोणी भोळे म्हणेल का? जे कधी नव्हतेच त्या बाईचे उपवन तोडले म्हणून ते संतापले, आणि ती नव्हती हे त्यांना नक्की ठाऊक होते. (क्लारां आज माँत्र्यो नगरपालिकेत मोडते. तिथल्या काठावर आता गर्दी होते ती दुसऱ्याच पुतळ्यापाशी, पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या गायक फ्रेडी मर्क्युरीच्या.)

माझा सर्वांत भक्कम पुरावा मात्र पॅरिसच्या दोन बायकांचा आहे.

२८ सप्टेंबर १७६१ रोजी रूसोला एक निनावी पत्र आले. मजकूर असा, की ज्यूली मेलेली नाही. ती जिवंत आहे आणि तुमच्यावर प्रेम करते. ती मी नव्हे. मी फार तर तिची क्लेर. रूसोने लगेच उत्तर धाडले. मग ‘ज्यूली’चेही पत्र आले, आणि तिघांचा खेळ सुरू झाला, त्यात सें-प्रोची भूमिका आपोआप रूसोकडे आली. दोघी खरंच बायका आहेत की कोणी पुरुष थट्टा करतो आहे, असा संशयही त्याला मध्येच येऊन गेला. ‘क्लेर’ म्हणजे मादाम बेर्नार्दोनी. ‘ज्यूली’ म्हणजे मारी-आन आलिसां द ला तूर, तेव्हा तिशीतली, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. ज्यूलीला वेवेजवळ पुरले आहे हे या दोघींना पान क्रमांकासह माहीत होते. तरी त्यांनी तिला उठवून उभी केली. हे फसणे नव्हे. कादंबरीचा सातवा भाग लेखकाकडूनच लिहवून घेणे आहे, आणि तोही शेवट बदलून.

पुढे क्लेर बाजूला झाली. ज्यूलीची पत्रे येत राहिली, जवळजवळ पंधरा वर्षे. या काळात त्यांच्या प्रत्यक्ष भेटी झाल्या त्या बोटांवर मोजण्याइतक्या. तिची तक्रार ठरलेली, उत्तर येत नाही; त्याची तक्रारही ठरलेली, फार पत्रे येतात. कधी तो गोड, कधी वसकन अंगावर येणारा. हळूहळू संबोधनातली ज्यूली गळाली आणि त्या जागी ‘मारियान’ आली. १८०३ मध्ये हा पत्रव्यवहार पॅरिसला पुस्तकरूपाने निघाला, आणि १८५० मध्ये समीक्षक सेंत-बव्हने त्यावर एक लेख लिहिला. तो वाचून बाईंची दया येते; पत्रे वाचून तेवढी येत नाही. आपण काय मागतो आहोत आणि काय मिळते आहे, याचा हिशेब तिच्याकडे पुरता होता.

इंग्लंडात रूसोचे तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमशी बिनसले आणि अर्धा युरोप ह्यूमच्या बाजूने बोलू लागला, तेव्हा १७६७ मध्ये रूसोच्या बचावाचे एक पत्रक निनावी निघाले. ते मारियाननेच लिहिले होते. २ जुलै १७७८ रोजी रूसो वारला. पुढच्या वर्षी तिने त्याच्या निंदकांना उत्तर देणारे आणखी एक पुस्तक काढले. त्यावरही तिचे नाव नाही. शीर्षकात तिने स्वतःला फक्त त्याची ‘मैत्रीण’ म्हटले आहे, ज्यूली नव्हे.