आजोबांचं कीर्तन ६० हर्ट्झवर

मंडळी, आपल्या धंद्यात ‘लेगसी’ म्हणजे दहा वर्षांपूर्वीचा कोड. स्पूलचा टेपरेकॉर्डर उघडला की कळतं, खरी लेगसी काय असते ते. आत १९२८ पासूनची सगळी व्हर्जन्स नांदत असतात आणि प्रत्येक आपापल्या पद्धतीने बिघडतं!

१९२८ साली फ्रिट्झ फ्लॉयमर या जर्मन माणसाने कागदी पट्टीवर लोखंडाची पूड चिकटवायचं पेटंट घेतलं. एईजी कंपनीने १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात ‘मॅग्नेटोफोन’ मांडला. चालायचा, पण खरखर फार. मग १९४० मध्ये जर्मन रेडिओतल्या वाल्टर वेबरचा एक अॅम्प्लिफायर बिघडला. कानाला ऐकू न येणाऱ्या उंच फ्रिक्वेन्सीवर तो आपोआप ऑसिलेट व्हायला लागला आणि टेपवरचा आवाज एकदम स्वच्छ आला. आपण असा बग ‘नॉट रिप्रोड्युसिबल’ म्हणून बंद केला असता. वेबरने कारण शोधलं. त्यातून आलेलं हाय फ्रिक्वेन्सी बायस पुढे प्रत्येक चांगल्या यंत्रात बसलं. म्हणून जुनी टेप नीट वाजते, पण नवं रेकॉर्डिंग फाटकं येतं आणि आधीचं पुसलंही जात नाही, असं असेल तर पहिला संशय बायस ऑसिलेटरवर घ्यायचा.

आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ चं. १ एप्रिल १९५५ ला तिथून गीतरामायण सुरू झालं. शुक्रवारी नवं गाणं, मग शनिवारी-रविवारी तेच पुन्हा. ते पुढे रेकॉर्डवर निघालं, घरोघरी गेलं, टिकलं. घरगुती टेपचं तसं नसतं. तिची प्रत एकच.

आमच्या नगरच्या घरी (२०२४ पासून अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) अशी एक टेप आहे. १९७० च्या दशकात काकांनी अमेरिकेहून रेकॉर्डर आणला आणि आजोबांचं कीर्तन त्यावर घेतलं. यंत्र कित्येक वर्षं बंद. असं यंत्र थेट प्लगला लावायचं नाही हे आधीच सांगतो. सिरीज बोर्डवर १०० वॅटचा बल्ब लावून सुरू करायचं. बल्ब भक्कन पेटून तसाच राहिला तर आत काहीतरी शॉर्ट आहे. आमचा बल्ब मंद राहिला, पण प्रेशर रोलरचं रबर गुळासारखं चिकट झालेलं. त्यात टेप गुंडाळली गेली असती तर संपलंच. म्हणून यंत्र बाजूला ठेवलं आणि टेप पुण्यात एका स्टुडिओत डिजिटाइझ करून घेतली.

फाइल आली. सगळे खूश, कारण आजोबा किती तरुण वाटतात! आजी मात्र म्हणाली, "हे ह्यांचं नाही. हे पांढरी चारात गायचे, आणि एवढी घाई त्यांना कधीच नव्हती."

फाइलमध्ये आजोबा काळी चारात होते, तीन स्वर वर.

स्टुडिओचं यंत्र बिनचूक होतं. गडबड काकांच्या रेकॉर्डरची. ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लावलेला होता, पण ट्रान्सफॉर्मर फ्रिक्वेन्सी बदलत नाही. मोटर ६० हर्ट्झच्या अमेरिकन विजेला बांधलेली, नगरची वीज ५० हर्ट्झ. म्हणजे टेप सेकंदाला १९ सेंटिमीटरऐवजी सोळाच्या आतबाहेर सरकत होती. त्याच यंत्रावर तीच टेप लावली की सगळं बरोबर वाटणार, कारण दोन्ही वेळा चूक सारखीच. काकांनी तिकडून आणलेल्या गाण्यांच्या टेप मात्र इथे रडक्या वाजायच्या. घरात सगळे म्हणत, टेपा खराब निघाल्या.

हा माझा तर्क झाला, पुरावा हवा. तोही टेपवरच होता. विजेची गुणगुण, जिला आपण ‘हम’ म्हणतो, ती मूळ आवाजात मिसळलेली असते. वॉटरगेट प्रकरणात १९७४ साली तज्ज्ञांनी निक्सन यांच्या टेपवरच्या साडेअठरा मिनिटांच्या पुसलेल्या भागाची चिकित्सा केली, तेव्हा त्यांनीही अशाच खाणाखुणा वाचल्या होत्या. मी फाइलचा स्पेक्ट्रम काढला. नगरमध्ये रेकॉर्ड झालेल्या टेपवर ५० वर दिसायला हवी ती रेघ बरोब्बर ६० हर्ट्झवर उभी होती.

फाइलचा वेग पाच षष्ठांश केला. ३३ मिनिटं २० सेकंदांचं कीर्तन ४० मिनिटांचं झालं. आजीने पूर्ण ऐकलं, आणि मध्येच कोणीतरी खोकलं तेव्हा तो कोणाचा खोकला तेही सांगितलं.