कीटकांचें हस्तलिखित

शाळेंतील हस्तलिखित म्हटलें कीं आपल्याकडील वाचकांच्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. मुखपृष्ठावर सरस्वती किंवा उगवता सूर्य, आंत वळणदार अक्षरांत उतरविलेल्या कविता, एकदोन निबंध आणि शेवटीं संपादकांचें आभारप्रदर्शन. त्यांत भुंगा किंवा फुलपाखरूं आलेंच तर तें अलंकार म्हणून येतें. त्याच्या मिशांना पेरीं किती हें कोणी मोजीत नाहीं. जपानांत मात्र महायुद्धाच्या काळीं कांहीं शाळकरी मुलांनीं केवळ कीटकांस वाहिलेलें हस्तलिखित काढलें, आणि तें आतां त्या देशाच्या चित्रकथेच्या इतिहासाचा भाग होऊन बसलें आहे.

एकच प्रत हातानें लिहून ती मंडळींत फिरवावयाची ही रीत तेथें जुनी आहे. १८८५ मध्यें ओझाकी कोयो व त्याचे मित्र यांनीं काढलेलें 'गाराकुता बुंको', म्हणजे अडगळीचें ग्रंथालय, हें नियतकालिक प्रथम असेंच हातोहात फिरे. छापखान्याशीं त्याचा संबंध मागाहून आला. कीटकांची आवडहि तेथें पुरातन. गाणारे किडे पिंजऱ्यांत पाळून त्यांचा स्वर ऐकणारा तो समाज. परंतु कीटकाचें चरित्र अभ्यासावें ही गोडी लागण्यास फाब्र या फ्रेंच निरीक्षकाच्या ग्रंथांचें मोठें साह्य झालें. त्यांचा पहिला खंड १९२२ मध्यें जपानींत आणला ओसुगी साकाए यानें. हा ओसुगी अराज्यवादी होता. पुढच्याच वर्षीं, महाभूकंपानंतरच्या गोंधळांत, लष्करी पोलिसांनीं त्याला, त्याच्या सहचारिणीला आणि सहा वर्षांच्या भाच्याला ठार मारलें. शेणभुंग्याच्या चरित्राचें सरकारला भय वाटलें असें नव्हे. भय होतें तें त्याच्या इतर लिखाणाचें. तरी हा योगायोग माझ्या मनांतून जात नाहीं.

आतां आपल्या हस्तलिखिताकडे वळूं. तेझुका ओसामु याचा जन्म ३ नोव्हेंबर १९२८ चा. हा मेइजी सम्राटाचा जन्मदिवस. म्हणून वडीलधाऱ्यांनीं त्या नांवांतीलच एक अक्षर मुलाला दिलें, आणि त्याचा उच्चार 'ओसामु'. बालपण गेलें ओसाकाजवळच्या ताकाराझुका गांवीं. प्राथमिक शाळेंत असतां एका मित्रानें त्याला हिरायामा शुजिरो याचा हजार कीटकांचा रंगीत चित्रसंग्रह दाखविला. त्यांत 'ओसामुशी' नांवाचा भुंगा होता : रात्रीं जमिनीवर धावणारा, बहुधा उडतां न येणारा, गांडुळें व गोगलगायी खाऊन राहणारा. नांवांतील हें साम्य पाहून मुलानें आपल्या नांवापुढें 'किडा' या अर्थाचें अक्षर जोडून टाकलें. सम्राटाच्या अक्षराला किड्याची शेपटी! पुढें तें अक्षर लिहिण्यापुरतें राहिलें. उच्चारांत तें गळालें.

१९४१ मध्यें तो ओसाकाच्या कितानो माध्यमिक शाळेंत आला, आणि त्याच डिसेंबरांत अमेरिकेशीं युद्ध जुंपलें. शाळेंत कवायत वाढली, कागद दुर्मिळ झाला. अशा दिवसांत या मुलानें सोबत्यांसह 'प्राण्यांचें जग' आणि नंतर 'कीटकांचें जग' हीं हस्तलिखितें काढून फिरविलीं. शिवाय त्यानें भुंग्यांचा एक रंगीत चित्रसंग्रह स्वतः रंगविला. त्यांतील चित्रें छापील वाटावींत इतकीं रेखीव आहेत.

या कामाचें महत्त्व मला चित्रांच्या सौंदर्यांत तितकेंसें वाटत नाहीं. मुंगी काढावयास सांगितली तर बहुतेक मुलें पाय पोटाला चिकटवितात. वस्तुतः कीटकाचे साही पाय छातीला असतात. छापील चित्र नजरेखालून सहज निघून जातें, परंतु तेंच हातानें उतरवितांना प्रत्येक पायाचा उगम शोधावा लागतो, पंखांवरील कवचाच्या रेघा मोजाव्या लागतात. शिवाय पुढचा वाचक म्हणजे शेजारच्या बाकावरचा, तितकाच कीटकवेडा मुलगा! तो चूक काढल्यावांचून राहणार थोडाच?

१९४४ पासून विद्यार्थी कारखान्यांत राबूं लागले. जून १९४५ मधील बॉम्बवर्षावाच्या वेळीं तेझुका कारखान्याच्या टेहळणी मनोऱ्यावर होता आणि थोडक्यांत वांचला. ओसाका जळालें, वह्या मात्र राहिल्या. १९४६ मध्यें मुलांच्या एका वृत्तपत्रांत त्याची पहिली चित्रमाला आली, आणि १९६३ मध्यें 'तेत्सुवान आतोमु', म्हणजेच इतरत्र गाजलेला 'अ‍ॅस्ट्रो बॉय', दूरचित्रवाणीवर अवतरला. ती मालिका काढणाऱ्या त्याच्या संस्थेचें नांव होतें 'मुशी', म्हणजे किडा. मध्यंतरीं, १९६१ मध्यें, त्यानें वैद्यकांतील डॉक्टर ही पदवीहि मिळविली. प्रबंधाचा विषय होता गोड्या पाण्यांतील गोगलगायीच्या शुक्रपेशी. ओसामुशी अखेर गोगलगायीवरच गेला, असें कोणी म्हटल्यास तेझुकाला तें आवडलें असतें.

१९७१ मध्यें, वयाच्या बेचाळिसाव्या वर्षीं, त्यानें 'झेफिरस' ही छोटी चित्रकथा लिहिली. तींत युद्ध चालू आहे, आणि जाळें घेऊन एक मुलगा रानांत एका फुलपाखराचा माग काढीत आहे.