हत्तींचा मेळा

भर थंडीत, बर्फातून शेकडो मैल फटफटीवरून जायचे, अन् कशासाठी? तर आपल्यासारख्याच चार वेड्यांना भेटायला! जर्मनीत १९५६ साली हिवाळ्यात स्टुटगार्टजवळ असा पहिला मेळा भरला. एर्न्स्ट लेव्हरकुस या पत्रकाराने हाक दिली, मोजके स्वार जमले. झुंडाप कंपनीच्या साइडकारवाल्या दणकट फटफटीला लोक ‘हिरवा हत्ती’ म्हणत. त्यावरून मेळ्याला हत्तीचे नाव पडले. हाती पैसा येताच लोक मोटारी घेऊ लागले होते. फटफटीवाला एकटा पडत चालला होता. पुढे हजारो येऊ लागले. आजही बव्हेरियाच्या रानात ते जमतात, रात्री मशाली पेटवून दिवंगत सोबत्यांचे स्मरण करतात. वारकऱ्याला वेगळे काय सांगावे? वाटेचे कष्ट भेटीने फिटतात.