चौसष्ट आणि चौतीस

‘अंगावरून जातंय’ हे बायका एकमेकींना सांगतात, डॉक्टरांना नाही. लोणार तालुक्यातलं बीबी घ्या, नाहीतर बार्शीकडचं एखादं खेडं. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर या गप्प बसण्यावरच वाढतो. पेशी बिघडल्यापासून गाठ होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढ्या काळात कुणीतरी एकदा तपासायला हवं, इतकंच.

१९८७ साली बार्शीत ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. खेड्यांसाठी अशी नोंदणी देशात पहिलीच. नोंदणीची माणसं गावोगाव फिरून नुसती लक्षणं समजावून सांगत, तरी बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. मला ही गोष्ट पुढच्या सगळ्या यंत्रांपेक्षा मोठी वाटते.

मग १९९९ मध्ये शेजारच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यात मोठी चाचणी सुरू झाली. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही विषाणूची तपासणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर. तिसऱ्या गटात गर्भाशयाच्या मुखाला पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, लावायचं, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते डोळ्यांनी बघायचं. चौथ्या गटाला फक्त माहिती आणि नेहमीची सरकारी सेवा.

२००९ मध्ये निकाल आला. आठ वर्षांत चौथ्या गटातल्या ६४ बायका या कॅन्सरने गेल्या. एचपीव्हीच्या गटात ३४. तीही एकाच तपासणीत! आम्लाच्या गटात ५६. म्हणजे स्वस्त उपाय इथे फारसा चालला नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये मात्र दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी हीच तपासणी दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत केली. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तो निकाल २०१३ चा.

या ६४ जणींवरून पुढे वाद पेटला. पॅप स्मिअर उपयोगी पडते हे जगाला आधीपासून ठाऊक होतं, मग एवढ्या बायकांना तपासणीविना का ठेवलं? संशोधकांचं म्हणणं, भारतात तपासणी नसणं हीच नेहमीची सेवा होती. हे खरं होतं, आणि म्हणूनच मला ते उत्तर पटत नाही. जी उणीव भरायची, तीच सबब कशी होईल?

२०१६ मध्ये केंद्राने तीस ते पासष्ट वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी आम्लाच्या तपासणीच्या सूचना काढल्या. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, तीस ते एकोणपन्नास वयोगटात एकदा तरी ही तपासणी झालेल्या बायका दोन टक्क्यांहून कमी निघाल्या.

आता एचपीव्हीचा नमुना बाईला स्वतःच, आडोशाला जाऊन घेता येतो. टेबलावर झोपायला नको, परक्यासमोर लुगडं वर करायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीला मान्यता दिली आहे.