इंद्रियांची द्वारे कोठे मिळतात? पालि परंपरा आणि मस्तिष्कविज्ञान

रूप हा डोळ्याचा विषय, शब्द हा कानाचा आणि स्पर्श हा त्वचेचा, ही विभागणी सर्वांनाच स्वाभाविक वाटते. परंतु पाहिलेले आणि ऐकलेले स्पर्शाच्या ज्ञानात मिसळते, आणि ही सरमिसळ मेंदूच्या वरच्या थरांत तशीच खालच्या मस्तिष्कस्तंभातही घडते, असे आधुनिक संशोधन सांगते. पालि साहित्याच्या अभ्यासकाला या निष्कर्षाकडे दुर्लक्ष करता येत नाही; कारण इंद्रियांच्या पृथक्तेवर अनात्मवादाचा एक प्राचीन युक्तिवाद आधारलेला आहे.

हा युक्तिवाद 'मिलिन्दपञ्ह' या ग्रंथात आढळतो. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील ग्रीक राजा मिलिंद याचे म्हणणे असे की, प्रासादात बसलेला मनुष्य हव्या त्या खिडकीतून बाहेर पाहतो, तसा शरीरात बसलेला एक जाणणारा डोळ्याने पाहतो व कानाने ऐकतो. भदंत नागसेनांचे उत्तर असे : तसे असते तर त्याला कानानेही रूप पाहता आले असते. ते शक्य नाही. म्हणून आत बसलेला कोणी स्वामी नाही. डोळा व रूप यांच्या योगे चक्षुविज्ञान उत्पन्न होते, एवढेच सत्य होय.

मज्झिमनिकायातील महावेदल्लसुत्तात आयुष्मान सारिपुत्त हेच विभाजन महाकोट्ठितांना समजावून देतात. पाच इंद्रियांचे विषय भिन्न आहेत, एक इंद्रिय दुसऱ्याचा विषय अनुभवीत नाही, आणि मन हे त्या सर्वांचे आश्रयस्थान आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे. प्रतीत्यसमुत्पादातील 'फस्स' म्हणजे इंद्रिय, विषय व विज्ञान यांचा संयोग. त्वचेला जाणवतो तो 'फोट्ठब्ब'. मराठीत दोहोंसाठी 'स्पर्श' हाच शब्द वापरला गेल्याने पुष्कळ गोंधळ होतो.

मग या मनाचे स्थान कोणते? पट्ठानात केवळ 'ज्या रूपाच्या आश्रयाने' मनोविज्ञान प्रवर्तते असा निर्देश आहे. त्या रूपाचे नाव दिलेले नाही. अट्ठकथाकारांनी तेथे हृदय मानले. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष विसुद्धिमग्गात मेंदूचेही वर्णन करतात. कवटीच्या शिवणींना अनुसरून एकत्र ठेवलेल्या पिठाच्या चार गोळ्यांसारखा तो त्यांना दिसतो. मात्र जाणिवेशी त्याचा संबंध ते जोडीत नाहीत. हे ग्रंथ भारतीय वाचकांना सुलभ करण्याचे मोठे श्रेय गोव्यातील सांखवाळचे आचार्य धर्मानंद कोसंबी यांना जाते. विसुद्धिमग्गाची देवनागरी आवृत्ती त्यांनी 1940 मध्ये काढली, आणि अभिधम्मत्थसंगहावरील त्यांची 'नवनीतटीका' 1941 मध्ये प्रसिद्ध झाली. आपल्या नागपूरजवळच, सेवाग्राम येथे, 1947 मध्ये त्यांचे निधन झाले.

आता शरीरशास्त्राकडे वळू. हाताच्या त्वचेवरील स्पर्शाचा संदेश मेरुरज्जूतून लंबमज्जेत, तेथून थॅलॅमसमध्ये व शेवटी मेंदूच्या बाह्यकात पोचतो. वाटेतील केंद्रे संदेश केवळ पुढे पाठवितात, असे दीर्घकाळ मानले जात असे. पुढे मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागात, मध्यमस्तिष्कातील 'सुपीरियर कॉलिक्युलस' या उंचवट्यात, दृष्टी, श्रवण व स्पर्श या तिन्हींना प्रतिसाद देणाऱ्या पेशी आढळल्या. मेरेडिथ व स्टाइन यांनी 1983 मध्ये मांजरांवरील प्रयोगांतून दाखविले की, दोन इंद्रियांचे संदेश एकाच वेळी आले तर अशा पेशींचा प्रतिसाद कित्येक पटींनी वाढू शकतो. बेसा मार्गावरून चालताना अंगाला वाऱ्याचा झोत लागतो आणि त्याच क्षणी मागून ट्रकचा आवाज येतो. विचार सुचण्याआधीच आपली मान वळते. अशा वळण्यात याच केंद्राचा मोठा वाटा असतो. वॉलेस व स्टाइन यांनी 1994 मध्ये आणखी एक गोष्ट दाखविली. बाह्यकाचा एक विशिष्ट भाग तात्पुरता निष्क्रिय केल्यास या पेशी एकेका इंद्रियाला प्रतिसाद देत राहतात, परंतु त्यांची एकत्रीकरणाची शक्ती लोपते. अनुभवाच्या पातळीवरही असेच आढळते. फिनलंडमधील युस्माकी व हारी यांनी 1998 मध्ये माणसांना त्यांच्याच हात चोळण्याचा आवाज अधिक तीव्र करून ऐकविला, तेव्हा त्यांना आपली त्वचा कागदासारखी कोरडी भासली.

यामुळे नागसेनांचा युक्तिवाद ढासळतो काय? द्वारे अगदी वेगळी आहेत, हे विधान शरीररचनेविषयीचे म्हणून घेतले तर ते अपुरे ठरते, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्यांचा निष्कर्ष अबाधित राहतो. इंद्रियांचे संदेश जेथे मिळतात तेथे पेशी आहेत, त्यांचे परस्परसंबंध आहेत; त्यांना एकत्र आणणारा स्वामी तेथेही सापडत नाही. खालचे केंद्र वरच्यावर आणि वरचे खालच्यावर अवलंबून आहे. मिलिंदाला वाटत होते की, मिलन आहे तर मिलन घडविणारा असलाच पाहिजे. या प्रयोगांत मिलन आहे, घडविणारा मात्र नाही.

म्हणून आधुनिक विज्ञान आमच्या ग्रंथांत आधीच होते, असा दावा आपण करू नये. जे बुद्धिसंगत नाही ते बुद्धवचन नव्हे, ही कसोटी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिली आहे. पिटकात आहे म्हणून स्वीकारू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले होते. हृदयवत्थूची कल्पना या कसोटीवर टिकत नाही, अनात्मवाद टिकतो. परंपरेतील कोणता भाग मागे ठेवावयाचा आणि कोणता पुढे न्यावयाचा, हे अशा परीक्षेतूनच ठरले पाहिजे.